प्रश्न वाचकांचे : लोकरॉक बँडने ड्रम्स बाजूला ठेवले तेव्हा

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोकरॉक बँडवर गेल्या अंकात लिहिलेल्या लेखात एक उल्लेख ओझरता आला होता. 1996 साली या बँडने स्वतःच्याच नावात ‘अकूस्टिक’ (विजेविना स्वतःच नाद देणाऱ्या वाद्यांचा) हा शब्द घालून, ‘फेअरपोर्ट अकूस्टिक कन्व्हेन्शन’ या नावाने आणि ड्रमरविना ‘ओल्ड न्यू बॉरोड ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका काढली, एवढेच मी तेथे लिहिले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी नेमकी त्याच उल्लेखाबद्दल आहेत आणि त्यांतील प्रश्न मुळाला हात घालणारे आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे.

प्रश्न : इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स यांची जोड दिली म्हणून ज्या बँडचे नाव झाले, त्यानेच ती वाद्ये खाली ठेवावीत, ही माघार नव्हे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माघार म्हणावी की नाही हे ठरवण्याआधी त्या वाद्यांपर्यंत हा बँड कोणत्या वाटेने पोहोचला होता, ते पाहायला हवे. 1967 साली उत्तर लंडनच्या मझवेल हिल भागात ही मुले एकत्र आली. गिटारवादक सायमन निकोल याच्या घराचे नाव ‘फेअरपोर्ट’ होते, तेथे सराव होत असे आणि तेच नाव बँडला मिळाले. आरंभी त्यांची गाणी अमेरिकन वळणाची होती. गायिका सँडी डेनी 1968 मध्ये आली, तिने आपल्याबरोबर लोकगीतांचा साठा आणला आणि 1969 च्या ‘अनहाफब्रिकिंग’ या ध्वनिमुद्रिकेत ‘अ सेलर्स लाइफ’ हे पारंपरिक गीत सुमारे 11 मिनिटे चालले, तेव्हा व्हायोलिनवर पाहुणा म्हणून डेव्ह स्वॉरब्रिक होता. पण ती ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच, त्या वर्षी 12 मे रोजी, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना एम-1 महामार्गावर बँडची व्हॅन उलटली. त्यात ड्रमर मार्टिन लँबल हा अवघा 19 वर्षांचा मुलगा आणि त्यांच्यासोबत प्रवास करणारी जिनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ड्रम्सविषयीच्या आपल्या प्रश्नाचे मूळ या ठिकाणी आहे. ज्या बँडचा ड्रमर असा गेला, त्या बँडने पुढे ड्रम्सविना वाजवायचे ठरवले असते तर ते कोणालाही समजले असते. त्यांनी तसे केले नाही. हॅम्पशायरमधील फार्ली चेंबरलेन या खेड्यात एक मोठे घर भाड्याने घेऊन ते एकत्र राहिले. बेस गिटार वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील लोकसंगीताच्या ग्रंथालयात बसून जुनी गीते शोधू लागला, स्वॉरब्रिक आता कायमचा सदस्य झाला आणि ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स आला. मॅटॅक्स नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत तयार झालेला वादक होता. पाय कसे पडतात हे त्याला ठाऊक होते. डिसेंबर 1969 मध्ये निघालेल्या ‘लीज अँड लीफ’मध्ये इंग्लिश लोकगीताला जो ठेका मिळाला तो बराचसा त्याच्या हातचा आहे. ड्रम्स या बँडने दुःखातून आणि विचारपूर्वक पुन्हा जोडलेले होते. तेव्हा ते बाजूला ठेवणे सहज घडले असेल, असे मला वाटत नाही.

आता दुसरे टोक. 1979 साली बँडने ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी या गावी निरोपाचा कार्यक्रम केला. त्या विसर्जनामागे जी कारणे होती त्यांत स्वॉरब्रिकच्या ऐकण्याच्या शक्तीवर झालेला परिणाम हे एक होते. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजाच्या स्पीकरांशेजारी उभे राहून त्याच्या कानांनी हार खाल्ली होती. मग स्वॉरब्रिक आणि सायमन निकोल या दोघांनी केवळ व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि गळा यांच्या बळावर छोट्या क्लबांतून गायला सुरुवात केली. स्वॉरब्रिकने पुढे 1984 मध्ये ‘व्हिपरस्नॅपर’ हा चौघांचा अकूस्टिक गट काढला, त्यात ख्रिस लेस्ली हा तरुण वादक होता. फेअरपोर्ट 1985 मध्ये ‘ग्लॅडिस लीप’ या ध्वनिमुद्रिकेनिशी पुन्हा उभा राहिला तो स्वॉरब्रिकविना. दहा वर्षांनी मॅटॅक्स अन्य कामांत गुंतलेला असताना उरलेल्या चौघांनी, म्हणजे निकोल, बेसवादक डेव्ह पेग, व्हायोलिनवादक रिक सँडर्स आणि अनेक वाद्ये हाताळणारा मार्टिन ऑलकॉक यांनी, अकूस्टिक दौरे आखले आणि त्यातून 1996 ची ती ध्वनिमुद्रिका आली. काही काळ हा चौघांचा गट आणि पूर्ण इलेक्ट्रिक बँड असे दोन्ही प्रकार बरोबरीने चालू होते. त्याच सुमारास ऑलकॉक बाहेर पडला आणि त्याच्या जागी आला तो व्हिपरस्नॅपरचा ख्रिस लेस्ली. 1998 मध्ये मॅटॅक्सच्या जागी जेरी कॉनवे हा ड्रमर आला आणि इलेक्ट्रिक फेअरपोर्ट चालूच राहिला.

हा क्रम पाहिला म्हणजे निकोलच्या उजव्या हाताकडे लक्ष जाते. तो या बँडचा ऱ्हिदम गिटारवादक, म्हणजे ठेका धरणारा; बँडच्या आरंभीच्या काळातील मुख्य गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन याच्यासारखा एकल वादनाचा मानकरी तो कधीच नव्हता. परंतु स्वॉरब्रिकसोबतच्या जोडीत, 1993 च्या एका अकूस्टिक गटात (त्याविषयी पुढे लिहितो) आणि 1996 मध्ये स्वतःच्या बँडमध्ये, असे तीनदा ड्रम्सचे काम त्याच्या हाताने केले. माघार घेणारा माणूस जुन्या जागी परततो. निकोल ज्या जागी पोहोचला ती जागा 1967 मध्ये या बँडपाशी नव्हतीच.

प्रश्न : त्या काळात एमटीव्हीवरील ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाची लाट होती. फेअरपोर्टने त्या लाटेत हात धुऊन घेतले, असे म्हटले तर चूक ठरेल काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लाट होती हे खरे आहे. रॉक कलाकारांना अकूस्टिक वाद्यांवर गायला लावणारा तो कार्यक्रम 1989 मध्ये सुरू झाला, गिटारवादक एरिक क्लॅप्टनची त्या नावाची ध्वनिमुद्रिका 1992 ची आणि ‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम 1993 च्या नोव्हेंबरमधला. ड्रम्सचा कल्लोळ नसलेला रॉक लोक तिकीट काढून ऐकतात, हे कार्यक्रमांच्या आयोजकांना त्या लाटेमुळे पटले असणार आणि त्याचा लाभ सर्वांनाच झाला. पण स्वॉरब्रिक आणि निकोल यांची जोडी ही वाद्ये घेऊन फिरू लागली तेव्हा 1980 चे दशक नुकतेच उजाडले होते. ज्या वाटेने आपण दहा वर्षे चालत आहोत त्या वाटेवर अचानक गर्दी झाली, तर तो दोष चालणाऱ्याचा मानता येत नाही.

प्रश्न : मी तंतुवाद्यांच्या कारखान्यात काम करतो. अकूस्टिक म्हणवणाऱ्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पाहिल्या की गिटारच्या बुडातून वायर निघालेली दिसते. वीज लावायची आणि वीज लावली नाही असे म्हणायचे, ही श्रोत्याची फसवणूक नाही का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपण लाकडाचे काम करणारे आहात, म्हणून याचे उत्तर जरा खोलात जाऊन देतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव असते. तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर चुंबकीय पिकअप करतो आणि पुढचा सारा नाद अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घडतो; अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की उरते ती जेमतेम शेजारच्याला ऐकू जाईल अशी किणकिण. अकूस्टिक गिटारचा नाद मात्र तिच्या पोकळीत आणि वरच्या पातळ फळीत तयार झालेला असतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली दाबाने संकेत देणारी पट्टी बसवली किंवा तोंडाशी मायक्रोफोन धरला, तर तयार झालेला नाद केवळ दूरवर पोहोचतो. मिरजेत घडलेल्या तंबोऱ्याला सभागृहात मायक्रोफोन लावला म्हणून तो तंबोरा विजेचा होत नाही, हे आपण मला सांगाल. येथेही तसेच आहे.

फसवणूक नाही, पण अडचण मोठी आहे. पोकळ वाद्य स्पीकरचा आवाज स्वतःच ऐकते आणि त्याला साद देते. बहुतेक अकूस्टिक गिटारींची पोकळी 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर निघणाऱ्या स्वराच्या जवळपास. मंचावरचा आवाज वाढवला की तो स्वर स्पीकरमधून पोकळीत, पोकळीतून पिकअपमध्ये आणि पुन्हा स्पीकरमध्ये असा फिरत राहतो आणि काही क्षणांत सभागृहभर हुंकार माजतो. म्हणून वादक गिटारच्या तोंडावर रबरी झाकण बसवतात, ध्वनितंत्रज्ञ तेवढीच कंपनसंख्या कापतो. तरीही जवळ ड्रमर बसलेला असेल तर हे उपाय अपुरे पडतात, कारण ड्रम्सच्या वर ऐकू येण्यासाठी गिटारचा आवाज जितका चढवावा लागतो तितका ती पोकळी सोसतच नाही. ड्रम्स गेल्यावर मंचावरचा एकूण आवाज खाली येतो आणि मगच लाकडाचा खरा नाद वापरता येतो. अकूस्टिक बँड ड्रम्स का सोडतात याचे हे रुक्ष तांत्रिक कारण फारसे कोणी सांगत नाही, पण प्रत्यक्ष मंचावर निर्णय बहुधा याच कारणाने होतो.

प्रामाणिकपणाची रेघ कोठे ओढावी, असे आपण पुढे विचारले आहे. आवाज पोहोचवण्यापुरती वीज असेल तर मी त्यास अकूस्टिक म्हणेन. आवाज घडवण्यासाठी वीज असेल तर म्हणणार नाही. ‘निर्वाणा’च्या त्या गाजलेल्या कार्यक्रमातसुद्धा एका गाण्यात गायक कर्ट कोबेनची गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून गेलेली होती आणि तो अ‍ॅम्प्लिफायर प्रेक्षकांना दिसू दिलेला नव्हता. तेथे मात्र आपली तक्रार मला मान्य आहे.

प्रश्न : आम्ही गेली अनेक वर्षे बॅनबरीजवळ राहतो. क्रॉप्रेडीच्या ऑगस्टमधील महोत्सवात फेअरपोर्टचा छोटा अकूस्टिक कार्यक्रम आणि शेवटच्या रात्रीचा मोठा इलेक्ट्रिक कार्यक्रम असे दोन्ही ऐकले. इंग्रजी गीतांचे शब्द मला पहिल्यात स्पष्ट कळले, दुसऱ्यात निम्मेच. गायक तेच होते. मग हे कशाने होते? (एक वाचक, ऑक्सफर्डशायर)

उत्तर : बोलण्यातील स्वर खालच्या आणि मधल्या कंपनसंख्यांत असतात, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि स, ट, फ, क यांसारख्या व्यंजनांची धार साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ड्रमरच्या झांजा आणि इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत केलेला आवाज यांचा जोरही त्याच पट्ट्यात असतो. दोन आवाज एकाच पट्ट्यात आले की मोठा आवाज लहानाला झाकतो. आपले कान चांगले आहेत आणि इंग्रजीही; व्यंजने झाकली गेली, इतकेच.

या गोष्टीचे महत्त्व लोकगीतांच्या बाबतीत अधिक आहे, कारण इंग्लिश बॅलड म्हणजे कथा असते. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हे फेअरपोर्टचे जवळजवळ ओळखपत्र ठरलेले गीत घ्या. सरदाराची पत्नी देवळात भेटलेल्या मॅटीला घरी नेते, नोकर धावत जाऊन धन्याला वर्दी देतो, धनी पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो आणि मॅटीला जाग येते. तेथून पुढे तलवारीच्या द्वंद्वापर्यंत प्रत्येक कडव्यात काहीतरी घडते. ‘लीज अँड लीफ’मध्ये हे गीत आठ मिनिटांचे आहे. इलेक्ट्रिक रूपात श्रोता त्याच्या वेगावर स्वार होतो आणि मधले दोन संवाद निसटले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. अकूस्टिक रूपात तेच गीत ऐकताना धन्याने मॅटीला दोन तलवारींपैकी चांगली तलवार देऊ केली, हा बारकावा कानी पडतो आणि त्या माणसाविषयीचे आपले मत तेथे बदलते.

कानांचा विषय निघालाच आहे म्हणून एक हिशेब सांगतो. आठ तासांसाठी 85 डेसिबेल ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा मानली, तर दर 3 डेसिबेल वाढीगणिक तो काळ निम्मा होतो. 100 डेसिबेलला तो 15 मिनिटांवर येतो. रॉक बँडच्या मंचावर 100 डेसिबेल ही नवलाईची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे 2005 चे नियम संगीत आणि मनोरंजन व्यवसायाला एप्रिल 2008 पासून लागू झाले. स्वॉरब्रिकच्या उमेदीच्या वर्षांत वादकांना असे कोणतेच संरक्षण नव्हते. कानांसाठी वाद्ये बदलणे हे कलेच्या दृष्टीने दुय्यम कारण आहे असे समजणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. कान हेच वादकाचे पहिले वाद्य आहे.

प्रश्न : मी तबला शिकते. ड्रमर नसलेल्या बँडमध्ये लय कोण धरतो? की लय ढिली पडते आणि श्रोते ती चालवून घेतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लय ढिली पडली तर श्रोते चालवून घेत नाहीत, ते खोकू लागतात. खरे सांगायचे तर लय धरण्याचे काम ड्रमरकडून निघून सर्वांमध्ये वाटले जाते, आणि वाटणी नीट झाली नाही तर अकूस्टिक बँड इलेक्ट्रिक बँडपेक्षा लवकर उघडा पडतो.

गिटारपासून सुरुवात करू. उजव्या तळव्याची कड घोडीपाशी तारांवर हलकी टेकवली की जाड तारांचा स्वर दबून ‘ठप्’ असा आवाज येतो. तो पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची जागा घेतो. मग तळवा उचलून पातळ तारांवर प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी पट्टी) ओढले की उघडा, झळाळणारा आवाज येतो, ती झांज. व्हायोलिनवादक गजाचा मुठीकडील भाग तारांवर आपटून खरखरीत ठोका काढतो. ही युक्ती रिचर्ड ग्रीन या अमेरिकन वादकाने 1960 च्या दशकात रूढ केली आणि आता ती अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आढळते. मँडोलिनवादक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तारा छेडून त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल सोडतो, म्हणजे स्वर जन्मताच मिटतो आणि उरतो तो नुसता ठोका. बुझुकी हे मूळ ग्रीक वाद्य आयरिश वादकांनी 1960 च्या दशकात आपलेसे केले. गायकाच्या सुरावटीखाली ते दुसरी सुरावट अखंड चालवते आणि त्या अखंडपणामुळे लय हातातून सुटत नाही.

आपण तबला शिकता म्हणून एक फरक आपल्याला चटकन जाणवेल. ड्रमर असताना प्रत्येक मात्रा ऐकू येते. तो नसताना काही मात्रा रिकाम्या ठेवाव्या लागतात आणि त्या रिकाम्या मात्रा सर्वांनी मनात सारख्याच मोजाव्या लागतात. ‘खाली’, म्हणजे तालातील रिकामी जागा, दाखवण्याचे शिक्षण आपल्याला पहिल्या महिन्यापासून मिळते. रॉकमध्ये वाढलेल्या वादकाला ते फार उशिरा मिळते. म्हणूनच इलेक्ट्रिककडून अकूस्टिककडे वळणारे बँड पहिल्या काही कार्यक्रमांत हमखास अति वाजवतात. प्रत्येक जण मोकळी जागा दिसली की ती भरून काढतो, आणि चार वाद्यांची जाळी होऊन तिच्यात गाणे अडकते.

ड्रम्स नसणे आणि वीज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे नोंदवायला हवे, कारण पुष्कळ पत्रांत त्यांची गल्लत झाली आहे. अ‍ॅशली हचिंग्जने फेअरपोर्ट सोडून स्टीलआय स्पॅन हा बँड काढला आणि त्याच्या 1971 च्या ‘प्लीज टू सी द किंग’ या ध्वनिमुद्रिकेत ड्रमर नव्हता, पण मार्टिन कार्थीच्या हातात टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार होती आणि आवाज चांगलाच करकरीत होता. कार्थी हा मुळात अकूस्टिक गिटारचा मोठा वादक. तारा ‘सी जी सी डी जी ए’ अशा उतरवून, अंगठ्याने जाड तारांवर ठोका देत, गीताच्या चालीलाच साथ बनवण्याची त्याची पद्धत इंग्लंडमधील दोन पिढ्यांनी उचलली. तो टेलिकास्टर ठेवून पुन्हा लाकडी गिटारकडे परतला तेव्हा विजेच्या काळात मिळालेला तुटक, ठाशीव आघात त्याने सोबत नेला, असे मला त्याचे दोन्ही काळांतील वादन ऐकताना वाटते. प्रवास उलट दिशेनेही होतो. प्लँक्स्टी या 1972 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश अकूस्टिक गटातील क्रिस्टी मूर आणि डोनाल लनी यांनी 1981 मध्ये मूव्हिंग हार्ट्स हा इलेक्ट्रिक बँड उभारला, आणि तोही तितकाच मनापासून.

प्रश्न : अकूस्टिक रूपात काय गमावले जाते, यावर आपण लिहीत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भीती गमावली जाते. ‘टॅम लिन’ हे परीराणीच्या कैदेतील पुरुषाचे गीत ‘लीज अँड लीफ’वर ऐका. ओळींच्या मध्ये गिटार आणि ड्रम्स एकत्र जे घाव घालतात, त्यांतच त्या राणीचा दरारा आहे. लाकडी वाद्यांवर ते गीत सुंदर होईल, पण दरारा उरणार नाही. काही गीते इलेक्ट्रिकच ठेवावीत, आणि दोन्ही रूपे चालू ठेवणाऱ्या बँडला ती सोय असते.

प्रश्न : आम्ही पाच जण गेली काही वर्षे गोंधळ, भारुड आणि पोवाडे इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स यांवर बसवून सादर करतो. आता अकूस्टिक व्हावे असे वाटते; एक कारण पैशाचे आहे हे लपवत नाही. नाव तेच ठेवावे का? कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पैशाचे कारण लपवू नये हे चांगले. अल्बियन बँड हा हचिंग्जचा पुढचा बँड. त्याच्या 1970 च्या दशकातील रूपात मंचावर मोठा ताफा असे. 1993 मध्ये त्याच नावाखाली केवळ चौघे उभे राहिले : हचिंग्ज, सायमन निकोल, गायिका ख्रिस व्हाइल आणि व्हायोलिनवादक अ‍ॅशली रीड. ध्वनिमुद्रिकेचे नावच ‘अकूस्टिसिटी’ होते. इंग्लंडमधील फोक क्लब म्हणजे बहुधा एखाद्या पबच्या मागची किंवा वरची खोली. तेथे ड्रम्स मावत नाहीत आणि दहा जणांचे मानधनही निघत नाही. चौघांचा गट एका गाडीतून जातो, तासाभरात मांडणी करतो आणि रात्रीच परततो. लोकगीताला विजेचा आग्रह हचिंग्जइतका कोणी धरला नसेल. त्याने हे पाऊल उचलले आणि त्यातून ख्रिस व्हाइलच्या गळ्याला व तिच्या स्वतःच्या गीतांना जागा मिळाली. हिशेबातून सुरू झालेल्या गोष्टीचा कलेला असा लाभ झाला.

तुमच्या बाबतीत मात्र एक मूलभूत फरक आहे आणि तो ध्यानात न घेता इंग्लंडचा कित्ता गिरवू नका. इंग्लिश पारंपरिक बॅलड पुष्कळदा साथीविना, एकट्याने गायली जात असे. तिला ठेका रॉकने दिला, म्हणून रॉक वजा केला की तेथे शांतता उरते. गोंधळातून ड्रम्स वजा केले तर शांतता उरत नाही, संबळ उरते. संबळ उघड्या पटांगणात मायक्रोफोनविना ऐकू जाणारे वाद्य आहे. बंद खोलीत ते लाकडी गिटारला सहज गिळून टाकील. म्हणजे तुमच्यासाठी अकूस्टिक होणे हे हळू होणे नव्हे आणि तसा प्रयत्नही करू नये. त्याऐवजी वाद्यांची कामे नव्याने लावा. तुणतुणे स्वर आणि लय दोन्ही एकाच तारेवर धरते, म्हणून ते चालू असताना गिटारने आडवे झोडपणे थांबवावे आणि केवळ ओळींच्या शेवटी बोलावे. संबळ वाजेल त्या कडव्यांत गिटारला पूर्ण विश्रांती द्यावी. गद्य निवेदनाखाली गिटार एकटी ठेवावी. पोवाड्यात झीलकऱ्यांची ‘जी जी रं जी’ हे तुमचे सर्वांत मोठे तालवाद्य आहे. इलेक्ट्रिक सादरीकरणात ड्रमर ती जागा घेत होता, म्हणून कदाचित तुमचे झीलकरी मागे पडले असतील. त्यांना पुढे आणा आणि डफ शाहिराच्याच हाती द्या. बेस गिटार ठेवायची असेल तर अकूस्टिक बेस घेण्याचा मोह टाळा. तिची पोकळी खालच्या स्वरांसाठी अपुरी असते आणि शेवटी तिलाही वीज लागतेच. नेहमीचीच बेस लहान अ‍ॅम्प्लिफायरवर हलकी वाजवली तरी चालेल.

तुमचा ड्रमर बाहेर जातो आहे की संबळाकडे वळतो आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. वळत असेल तर त्याला एखाद्या गोंधळ्याकडे पुरेसा काळ बसू द्या आणि तोवर जाहीर कार्यक्रमाची घाई करू नका. ड्रम्सवरची बोटे संबळाच्या काड्यांवर तशीच चालत नाहीत, आणि तुमच्या गावात ते पहिल्या दहा ठोक्यांत ओळखणारे श्रोते समोर बसलेले असतील.

नावाबाबत तीन वाटा दिसतात. हचिंग्जने नाव तेच ठेवले, स्वॉरब्रिक आणि मंडळींनी नवे घेतले, फेअरपोर्टने जुन्या नावातच एक शब्द वाढवला. तुमची माणसे तीच आहेत, गीते तीच आहेत आणि इलेक्ट्रिक कार्यक्रमांची मागणी अजून येते असे तुम्ही लिहिता, म्हणून तिसरी वाट तुम्हाला सोयीची पडेल. ड्रम्सवर नाचायला आलेला मुलगा संबळ आणि झील ऐकून रमेलही, पण तिकीट काढण्याआधी त्याला ते ठाऊक असले पाहिजे. म्हणून फलकावर नावाखाली वादकांची आणि प्रत्येकाच्या वाद्याची यादी ठळक छापा, संबळ आणि तुणतुणे त्या यादीत सर्वांत वर ठेवा, आणि पहिला कार्यक्रम शंभरएक माणसांच्या खोलीत करा. तेथे गायकापुरता एकच मायक्रोफोन लावून पाहा. कोणते वाद्य कोणाला झाकते आहे ते पहिल्या दोन गाण्यांत कळेल, आणि मग कोणी मागे सरकून बसायचे ते तुम्हाला तेथेच ठरवता येईल.